माहेरच्या नावाची अमराई

ताई, तुमच्या तेरवीला डब्यातला रस वाढला.

पत्र्याच्या डब्यातला, विकतचा, पिवळाजर्द. बाहेर अख्खी अमराई कैऱ्यांनी लवलेली आणि पंगतीत हा असला रस. आपला गावरान अजून पाडाला यायचा आहे, हे मलाही कळतं हो. पण मग रस करायचाच कशाला, म्हणते मी. कढी, वडे, बुंदी, भात, एवढ्यात कुणाचं पोट भरलं नसतं? प्रशांत म्हणाला, काकू, आईला रस फार आवडायचा. आवडायचा, म्हणूनच तर डब्यातला नको होता. तुमचे समुद्रपूरचे भाऊ हात धुता धुता मला म्हणाले की रस बेस झाला होता. मी नुसता तांब्या पुढे केला. तुमच्या तेरवीला तुमच्याच भावाशी भांडणं बरं दिसलं नसतं. तुम्ही असत्या तर भांडल्या असत्या.

माणसांची ये-जा अजून थांबली नाही. वडनेरहून बाया येतात, व्हरांड्यात सतरंजीवर बसतात, पदर डोळ्याला लावतात आणि म्हणतात, मोठ्या बाई म्हणजे देवमाणूस होत्या. मी मान हलवते. जगाला काय सांगायचं? पण तुम्हाला सांगते. देवमाणूस कसल्या, तुम्ही एक नंबरच्या डांबरट होत्या. इतकी वर्षं तुमच्या शेजारी चुलीपुढे बसले, मोठी जाऊ म्हणून तुमचं ऐकलं, नाही तेव्हा तुमच्याशी कडाकडा भांडले, आणि तुमचा डांबरटपणा मला परवा कळला. तुम्ही गेल्यावर. याचा मला इतका राग आला आहे की रडू येतं, आणि रडायला बसले की हसू येतं. म्हणून लिहायला बसले. शाळेत मास्तरीण होते, तेव्हापासून माझी सवयच आहे, डोकं फिरलं की कागद ओढायचा.

बंगल्याचं कौतुक करायला आता लोक लांबून येतात. सागवानी खांब, चारी बाजूंनी व्हरांडा, छतात कापडी पंख्याच्या कड्या. प्रशांत त्यांना हिंडवून दाखवतो. ही कचेरी, इथे मालगुजारीच्या काळात गावचा शेतसारा गोळा व्हायचा. इथे कापसाचा काटा होता, गाड्या भरून हिंगणघाटला जायच्या. आणि ही समोरची अमराई, इथे इंग्रज साहेबाचा डेरा पडायचा. लोक साहेबाचं नाव निघालं की लगेच फोटो काढतात. फाटकावर त्यानं पाटी लावली तेव्हा तुम्ही चष्मा घालून ती वाचायला गेल्या होत्या, आठवतं? पहिले मालगुजार रावसाहेबांनी लावलेली अमराई, असं लिहिलं होतं. परत आल्या आणि मला म्हणालात, "रावसाहेबानं कुठं लावली? त्यानं कधी एक पान तरी तोडलं का?" आपण दोघी पोट धरून हसलो. प्रशांतला मात्र दोघींपैकी एकीनंही पाटी चुकली असं सांगितलं नाही. बिचाऱ्यानं एवढ्या हौसेनं पाटी रंगवून आणली होती.

या घरातल्या एकाही पुरुषानं या अमराईत खड्डा खणला नाही. खणला तो सुनांनी. रावसाहेबांच्या बायकोला म्हणे लग्नानंतर माहेरी पाठवायचेच नाहीत. मालगुजाराची बायको बैलगाडीत बसून उठसूट बापाकडे जाते, हे बरं दिसत नाही म्हणून. तिचा भाऊ एकदा आंबे घेऊन आला, अंगणातूनच परत गेला. तिनं आंबे खाल्ले आणि एक कोय बंगल्यासमोर पुरली. तिचं माहेरचं नाव भागी. तिच्या मागून आलेली प्रत्येक सून पहिल्या मृगात माहेरची कोय आणून लावत गेली. खड्डा स्वतः खणायचा, आणि झाड जिवाला लागेपर्यंत दर उन्हाळ्यात पाणी स्वतः घालायचं. झाडाला नाव सुनेचं, तेही माहेरचं. सासरी बोहल्यावर तांदळात लिहिलेलं नाव तिथे चालायचं नाही. भागीचा आंबा, गोदीचा आंबा, सासूबाईंचा यमुनीचा आंबा. बंगल्यात भिंतीवर सगळे फेटेवाले पुरुष टांगले आहेत. बायकांचा एकही फोटो नाही. त्यांची नावं बाहेर, उन्हात उभी आहेत.

मी सिंदीहून आले तेव्हा मला हे सगळं अडाणीपणाचं वाटलं होतं. वडिलांचं कापडाचं दुकान, घर स्टेशनजवळ, मी मास्तरकीचं शिक्षण घेतलेली. आणि सासूबाईंनी हिरव्या चुड्याच्या हातात कुदळ दिली. मी तुमच्याकडे पाहिलं, म्हटलं ही मोठी जाऊ तरी मदत करील. तुम्ही कंबरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या. हाताला फोड आले, डोळ्यांत पाणी आलं, तरी तुम्ही कुदळ हातात घेतली नाही. मग जवळ आल्या आणि हळूच म्हणालात, "आपला खड्डा आपणच खणावा, बाई. ह्या घरात आपल्या हातचं येवढंच आहे. बाकी सारं त्याईचं."

आत जागा उरली नव्हती, म्हणून माझी कोय फाटकाजवळ लागली, गाडीवाट वळते तिथे. तुमचं झाड आत, विहिरीच्या अंगाला. वेणूचा आंबा. घरात तुम्ही सुशीला, गावात मोठ्या बाई, आणि प्रशांत झाल्यावर नुसत्या प्रशांतची आई. वेणू म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतं. पण गडीमाणसं बिनदिक्कत म्हणायची, वेणू यंदा लय लागली, वेणूले पाणी देल्लं का. माझं तर आणखी हसू व्हायचं. आमच्या घरात मी शेंडेफळ, म्हणून नाव पडलं बेबी, आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढलं. इथे तांदळात शालिनी झाले. पण झाड बेबीचं. एक वर्षी दिवाणखान्यात मामलेदार बसलेले असताना एक म्हातारा गडी दारातून ओरडला होता की बेबीले मुंग्या लागल्या. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, तशाच स्वयंपाकघरात परतलात आणि हसून हसून बसकण मारलीत. चहा मलाच न्यावा लागला.

तुम्ही त्या झाडांशी बोलायच्या. सकाळी कळशी घेऊन गेल्या की एकेकीची खबरबात. काय व भागाबाई, यंदा रुसली का? गोदे, तुह्या अंगावर बांडगूळ आलं, सांगतं काऊन नाई? मला वाटायचं, ही बाई येडी आहे. मग सासूबाई गेल्या. त्यानंतर पहिल्यांदा आपण दोघी अमराईत गेलो, तर तुम्ही यमुनीच्या बुंध्याला हात लावून कितीतरी वेळ उभ्या. काही बोलल्या नाही. मी शाळेला उशीर होतो म्हणून निघून गेले. त्या दिवशी फळ्यावर गणित लिहिता लिहिता माझा हात थांबला होता, हे तुम्हाला मी सांगितलं नाही. आता सांगते.

आणि टोपल्या. पाड लागला की ज्या झाडाचा आंबा, त्या झाडाच्या माहेरी पहिली टोपली. सून जिवंत असो नसो. भागीच्या माहेरी आता तिसऱ्या पिढीची माणसं. त्यांना भागी कोण ते माहीत नाही, पण टोपली आली की ओळखतात. पळसाच्या पानांनी झाकायची, सुतळीनं बांधायची आणि वडनेरच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. समुद्रपूरला, हिंगणघाटवरून पुढे सिंदीला, आणखी कुठे कुठे. लोक म्हणतात मालगुजारांचा दरारा लांबवर होता. असेल. मला तर या मुलखात आपल्या घराची आठवण आंब्यांनीच राहिलेली दिसते.

माझा आंबा मात्र निघाला आंबट. सिंदीचा मूळ आंबा मधासारखा, पण कोयीचं तसंच असतं, आईसारखी लेक निघेलच असं नाही. तुमची वेणू रेषाळ, पण काय गोड हो. बाबा दर वर्षी माझा आंबा गूळ लावून खायचे आणि कळवायचे की छान होता. ते आजारी पडले त्या वर्षी टोपल्या तुम्ही बांधल्या. मला परीक्षांचे पेपर होते. थोड्या दिवसांनी शेजारच्या दुकानातून बाबांचा फोन आला. आवाज खोल गेला होता, पण खूश होते. म्हणाले, "बेबी, यंदा तुह्या झाडानं कमाल केली. मी सगळ्याईले दाखवला." आणि त्याच आठवड्यात तुमच्या भावाचा समुद्रपूरहून निरोप, की यंदा आंबा आंबट काऊन?

तुम्ही म्हणालात, कंडक्टरनं अदलाबदल केली असेल. मीही तेव्हा हो म्हटलं. मग वर्गात मुलांना गणित घालताना माझ्या डोक्यात आलं, सिंदीची टोपली मंगळवारी गेली आणि समुद्रपूरची शुक्रवारी. गाड्या वेगळ्या, दिवस वेगळे. कंडक्टर काय जादूगार होता? विहिरीवर तुम्हाला गाठलं. तुम्ही दोर सोडत होत्या. माझ्याकडे न पाहताच म्हणालात, चूक झाली असंल माह्यी, म्हातारी झाली मी. चाळीशीसुद्धा लागली नव्हती तेव्हा तुम्हाला. बाबा दिवाळीच्या आधी गेले. लेकीचं झाड गोड झालं, हे मनात घेऊन गेले. ताई, मी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही मला झटकून टाकलं असतं, हेही खरं. पण मी मानायला हवे होते. आता मानते.

अशा बाईनं अमराई पाडायला निघावं, हे मला कळेचना.

प्रशांत पुण्याची नोकरी सुटून घरी आला, तेव्हापासून तुमच्या जिवाला घोर होता. दिवसभर पोर व्हरांड्यात मोबाइल घेऊन बसायचं. मग त्याच्या डोक्यात आलं की बंगला नीट करायचा आणि लग्नाचं लॉन काढायचं. हायवे जवळ, नागपूरची, चंद्रपूरची माणसं येतात, जुन्या बंगल्यापुढे फोटो काढायची आता लोकांना हौस आहे. त्याच्या अंगात पुन्हा जीव आला. कागदावर नकाशे काढायला लागला. मी चिडवलं त्याला, अरे स्वतःचं लग्न करत नाहीस, लोकांच्या लग्नाला मांडव घालतोस. तो हसला. किती दिवसांनी हसला होता. त्याचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं का, ताई? माझ्या लेकीइतकाच तो माझा आहे.

पण तुम्ही दिवाळीनंतर एक दिवस स्वयंपाकघरात मला म्हणालात की लॉनसाठी अमराई पाडायची आहे. सगळी. बंगल्यापासून फाटकापर्यंत. अमराई आपल्या दोघींच्या नावावर, माझी सही लागणार. मला वाटलं तुम्ही गंमत करता. तुमचा चेहरा पाहिला तर गंमत नव्हती. मी म्हटलं, भागीला पाडणार, यमुनीला पाडणार, स्वतःला पाडणार? तुम्ही पोळी उलटवली आणि म्हणालात, "झाडाईले का मांडीवर घेऊन बसतं? माह्या पोराले काम पाह्यजे." मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर नाही. तुम्ही म्हणालात, मग राह्यलं.

मग राह्यलं म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अख्खा हिवाळा आपण त्यात घालवला. अबोला धरला, एका स्वयंपाकघरात राहून. मी प्रशांतला सांगायची, तुझ्या आईला विचार वरणात मीठ पडलं का. तुम्ही मांजरीला सांगायच्या, काकूले म्हणा चहा निवून राह्यला. मांजर दोघींकडे पाहायची आणि निघून जायची. दोन दिवस झाले की तुम्हीच माझ्या खोलीत येऊन पाय चोळून द्यायच्या, आणि पाय चोळता चोळता पुन्हा म्हणायच्या, कधी पाडाची मग? मी पाय ओढून घ्यायची. आमचे हे असते तर मिटवलं असतं त्यांनी. दोघीही आपापल्या कुंकवाविना राहिलेल्या, मिटवणार कोण?

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. मी चिडून एकदा म्हटलं, निम्मी पाडा, निम्मी ठेवा. तुम्ही ताडकन म्हणालात, नाही, पाडायची तर सगळी. मी म्हटलं, काय बाई हट्टी आहे ही. तेवढंच म्हटलं.

मग तुम्ही आजारी पडल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात मी तुमच्या उशाशी संत्र सोलत बसायची. तुम्ही एक फोड घ्यायच्या आणि बाकीच्या मला परत द्यायच्या. डॉक्टरांचा चेहरा मला वाचता येत होता. एक दिवस दुपारी मला राहवलं नाही. मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "ताई, मी हरली. पाडा सारी अमराई, मी सही देते. तुम्ही फक्त उठून घरी चला." मला वाटलं तुमच्या जिवाला बरं वाटेल. तुम्ही डोळे उघडले आणि अशा संतापलात माझ्यावर. आवाज निघत नव्हता, तरी संतापलात. म्हणालात, "आता काऊन हो म्हणतं? चूप राह्य." आणि तोंड भिंतीकडे केलं. मी संत्र्याच्या साली गोळा करत बसले. मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

त्यानंतर आपलं धड बोलणं झालंच नाही.

म्हणून तेरवी आटोपल्यावर, परवा, मी प्रशांतला बोलावलं. म्हटलं, कागद काढ बाबा. मी तुझ्या आईला शब्द दिला आहे, सही करते, पाड अमराई. तो माझ्यासमोर खाली सतरंजीवर बसला. सतरंजीची दशी ओढत राहिला. मला वाटलं, आनंद झाला असेल पण दाखवायची लाज वाटते आहे. मग तो म्हणाला, "काकू, सारी पाडाची गरजच नव्हती कधी."

मी म्हटलं, म्हणजे?

मग त्यानं सांगितलं. त्याचं लॉन त्याला अमराईलगतच्या खळ्यात करायचं होतं. पहिल्या दिवसापासून. खळं मोकळंच पडलं आहे, जागा हवी तेवढी. उलट अमराईतून लग्नाची माणसं चालत जातील, शोभा वाढेल. अडचण एकच होती. फाटकातून आत शिरल्यावर खळ्याकडे मोठ्या गाड्या वळायला वाट हवी, आणि त्या वळणावर एक झाड येतं. एकच. माझं.

"मग मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"आईनं शपथ घातली होती," तो म्हणाला. "म्हणे, लॉन काऊन अडलं हे काकू विचारीनच, अन् खरं सांगशीन तं ती उभ्या उभ्या हो म्हणीन. तिचं झाड जाईन. म्हणून मी सारी मागते. सारी ती कधीच देणार नाई, अन् तिचं वाचते." मग तो म्हणाला, त्यानं आईशी भांडण केलं होतं. माझ्या कामाचं काय, म्हणून. तर तुम्ही त्याला म्हणालात, तुले दुसरं काम भेटीन, तिले दुसरं झाड भेटनार नाई.

ताई, मी तिथे बसले ती बसूनच राहिले. त्या सबंध हिवाळ्यातलं तुमचं एकेक बोलणं मला उलटं दिसायला लागलं. निम्मी का नको, ते कळलं. निम्म्यांत बाहेरची गेली असती, आणि बाहेरची म्हणजे मी. दवाखान्यात का संतापलात, ते कळलं. मी हो म्हटलं आणि तुमचा सगळा डाव मोडला. मरायला टेकलेलं माणूस, आणि त्याला डाव मोडल्याचा राग. आणि मी मूर्खासारखी साली गोळा करत होते. वर्गात पोरांना शिकवायची, प्रश्न नीट वाचा, काय विचारलं आहे ते पाहा. मला स्वतःला कळला नाही प्रश्न.

राग आला तो वेगळाच. तुम्ही कोण मला न विचारता माझं झाड वाचवणाऱ्या? स्वतःच्या लेकाचं काम अडवून? माझ्यापुढे लेकासाठी भांडलात आणि लेकापुढे माझ्यासाठी. मग तुम्हाला स्वतःला काय हवं होतं, ते कुणापुढे बोललात? माझ्यापुढे नाही. प्रशांतलाही विचारलं, त्याला माहीत नाही. झाडांना तरी सांगितलंत का, देव जाणे. हे मला सगळ्यात जास्त लागलं. इतकी वर्षं एका ताटलीतली चटणी खाल्ली आणि तुम्हाला काय हवं ते मी एकदाही विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही.

संध्याकाळी मी चप्पल घातली आणि प्रशांतला म्हटलं, चल. आम्ही फाटकापाशी गेलो. बेबी यंदा बरी लागली आहे, अजून हिरवीगार. त्यानं हातानं दाखवलं, इथून वाट वळेल, इथवर मुरूम टाकावा लागेल. दाखवताना झाडाकडे पाहत नव्हता. मी म्हटलं, एवढे आंबे उतरू दे, मग पाड.

तो म्हणाला, नाही काकू. मी आईला शब्द दिला आहे. दुसरं काहीतरी पाहीन. नागपूरला पाहीन.

तो तसाच तुमच्यासारखा, मान खाली घालून हट्ट करणारा. मी त्याचा दंड धरून त्याला आत विहिरीजवळ नेलं, तुमच्या झाडापुढे उभं केलं. म्हटलं, "हे पाह्य. मी जित्ती आहो. बेबी कोण होती असं कोणी विचारलं तं मी सांगीन, माह्या तोंडानं. वेणू कोण होती, ते सांगाले आता हेच आहे. हे ठेव. भागीले ठेव, यमुनीले ठेव, सगळ्याईले ठेव. त्याईले तोंड नाई. मले आहे."

पोरगं रडायला लागलं. तुमच्या दहाव्याला रडलं नव्हतं इतकं रडलं. मग नाक पुसून म्हणाला, त्या पाटीवरचं नाव बदलतो, सगळ्याईची नावं लिहितो. मी म्हटलं, लिही, पण पैलं भागीचं लिही. बंगला दाखवताना साहेबाच्या डेऱ्याआधी तिची गोष्ट सांगत जा. साहेब काय, चार दिवस राहून गेला.

परत येताना तो मध्येच थांबला. त्याच्या मनातून जात नव्हतं. म्हणाला, "पण काकू, आईनं नाई म्हटलं होतं. तिची शपथ मोडते."

मी म्हटलं, "तू काम कर. तुह्या आईले मी पाहून घेईन."

असं ठणकावून म्हटलं, ताई, जसं काही तुम्ही आत चुलीपुढे बसल्या होत्या. आणि तशीच तरातरा स्वयंपाकघरात आले, भांडायच्या तयारीनं.